केंट लुंडीन कायद्याला विरोध

ग्लेंडा होरॅकने सव्वीस वर्षांत समितीपुढे एकही विधेयक शेवटपर्यंत वाचलं नव्हतं, आणि समितीपुढे विधेयकं वाचणं हेच तिचं काम होतं. बैठक सुरू झाली की अध्यक्ष म्हणत, "सचिव वाचून दाखवतील." ग्लेंडा माइक जवळ ओढून शीर्षक वाचायची, पहिल्या कलमाचे चार शब्द वाचायची, की अध्यक्ष म्हणत, "कोणाची हरकत नसेल तर उरलेलं वाचन झालं असं समजू." हरकत कोणाचीच नसायची. हरकत घेतली तर सगळं ऐकत बसावं लागतं, आणि ऐकण्यासाठी वॉशिंग्टनच्या या संसदेच्या टेकडीवर कोणी निवडून येत नाही.

केंट लुंडीनचं विधेयक मात्र तिला तोंडपाठ होतं, कारण ते दर दोन वर्षांनी यायचं. दर दोन वर्षांनी नवं सभागृह बसतं, पडून राहिलेली जुनी विधेयकं रद्दीत जातात, आणि ज्यांना ती हवी असतात ते तारीख बदलून पुन्हा दाखल करतात. केंट हा नॉर्थ डकोटाचा सार्जंट. दूरच्या एका सरहद्दीवरच्या चौकीत तो आणि त्याचे दोन सोबती भर सकाळी मारले गेले. गोळ्या शत्रूच्या बाजूने नव्हे, मित्राच्या बाजूने आल्या होत्या. हा मित्र कोणता देश ते इथे लिहीत नाही. त्याच्या वकिलातीतली माणसं फार कष्टाळू आहेत, ती गोष्टीसुद्धा वाचतात. त्या देशाला 'नाटोबाहेरचा प्रमुख मित्र' असा दर्जा होता एवढं सांगितलं तरी पुरे. दर्जा असला की आमची शस्त्रं लवकर मिळतात, आम्हाला नकोशी झालेली जवळजवळ फुकट मिळतात, आणि काही विपरीत घडलं तर 'चौकशी चालू आहे' एवढ्यावर भागतं. केंटच्या बाबतीत ती अकरा वर्षं चालू होती.

विधेयकात तीनच कलमं होती. त्या देशाच्या दर्जाचा सभागृहाने फेरविचार करावा, हे पहिलं. फेरविचार होईपर्यंत दर्जा स्थगित ठेवावा, हे दुसरं. आणि त्या सकाळी गोळीबाराचा हुकूम ज्याने दिला त्याचं नाव त्या देशाने लेखी कळवावं, हे तिसरं. तिसरं कलम केंटच्या आईच्या सांगण्यावरून घातलं होतं. पहिली दोन वकिलांच्या भाषेत होती. तिला हवं होतं ते सगळं तिसऱ्यात होतं.

हे विधेयक कधी पास व्हायचं नव्हतं, आणि त्यावर बऱ्याच जणांचं बरं चाललं होतं. ते मांडणारे खासदार ड्वेन हॅगर्टी दर निवडणुकीत माजी सैनिकांच्या सभेत त्याची प्रत हवेत फडकवायचे. त्या देशाने नेमलेले लॉबीवाले 'विधेयक आम्ही रोखलं' असं वकिलातीला कळवायचे. वकिलात आपल्या राजधानीला तेच कळवायची. सगळे आपापल्या परीने जिंकायचे, आणि ग्लेंडाने मेलेल्या विधेयकावर शिक्का मारला की दोन वर्षांची निश्चिंती.

या खेपेला मात्र घोळ झाला. हॅगर्टींना सिनेटची निवडणूक लढवायची होती, आणि विरोधी उमेदवार विचारत होता की सहा वेळा मांडलेलं विधेयक एकदा तरी पास का झालं नाही. त्याच सुमाराला त्या देशाचे परराष्ट्रमंत्री भेटीला यायचे होते आणि वकिलातीला त्यांच्या स्वागताला काहीतरी गोड हवं होतं. एकाला पास झालेला कायदा हवा, दुसऱ्याला मैत्रीचा ठराव हवा. समितीचे मुख्य अधिकारी कर्टिस बेल यांनी दोघांचंही काम एका कागदात बसवलं.

बैठकीच्या आदल्या दिवशी दुपारी त्यांनी तो कागद ग्लेंडाच्या टेबलावर ठेवला. मसुद्याच्या जागी मसुदा, अशी ती दुरुस्ती होती. म्हणजे विधेयकाचं नाव तेवढं ठेवायचं आणि नावाखालचं सगळं काढून तिथे नवं घालायचं. टेकडीवर हे रोज चालतं. कोणाला त्यात काही वावगं वाटत नाही. ग्लेंडाने चार पानं वाचली. फेरविचार केला असता मैत्रीचा पाया भक्कम आढळला. दर्जा कायम ठेवणं उचित. सरहद्दीवरील दुर्दैवी प्रसंगाच्या चौकशीत मित्रदेशाने दाखवलेल्या तत्परतेबद्दल हे सभागृह त्याचे आभार मानते.

"तिसरं कलम कुठे गेलं?" तिने विचारलं.

"चौथ्या पानावर बघ. परराष्ट्र खात्याने पाच वर्षांत अहवाल द्यावा."

"'आवश्यक वाटल्यास' असं लिहिलंय."

"वाटेल की त्यांना. अगं, नाव ठेवलंय ना मुलाचं? कायद्याला नाव मिळणं काही खायचं काम नाही. किती लोक त्यासाठी चकरा मारतात."

"त्याच्या आईला कोणी सांगितलंय का यात काय आहे ते?"

कर्टिस वाईट माणूस नव्हते. वाढदिवस लक्षात ठेवायचे, आजारी माणसाच्या घरी सूप पाठवायचे. ते टेबलाच्या कडेवर टेकले आणि समजुतीच्या सुरात म्हणाले, "हॅगर्टींनी तिला फोन करून सांगितलंय की या वेळी पास होतंय. बाई रडल्या म्हणे आनंदाने. आता तू कशाला मध्ये पडतेस? उद्या वाचन होणार नाही, मतदान होईल, फोटो निघेल. एकोणऐंशी वर्षांची बाई सुखाने घरी जाईल. त्यात कोणाचं काय बिघडलं?"

ग्लेंडाला उत्तर सुचलं होतं, पण पेन्शनला चार वर्षं उरली होती आणि उत्तर पोटातच राहिलं. याचा तिला राग आला, आणि तो कर्टिसवर काढता येईना म्हणून ती दिवसभर छपाईयंत्रावर चिडचिड करत राहिली.

केंटची आई अर्डिस लुंडीन दुसऱ्या दिवशी बैठकीच्या तासभर आधी आली. ती दर वेळी तासभर आधी येई आणि दर वेळी कचेरीतल्या लोकांसाठी घरच्या रूबार्बच्या देठांच्या आंबटगोड वड्यांचा डबा आणी. खासदारांच्या माणसांनी कोणाकडून काय घ्यायचं याचे नियम फार कडक आहेत, पण वड्यांना नियम लागू होत नाहीत असं कर्टिसनी पहिल्याच वर्षी ठरवून टाकलं होतं. या वेळी तिच्याबरोबर चाकांवरची छोटी प्राणवायूची टाकी होती आणि दाराशी पोचेपर्यंत ती दोनदा थांबली.

"डॉक्टर म्हणाला विमानात बसायचं नाही," ती खुर्चीत टेकत म्हणाली. "म्हटलं, परत येताना नाही बसले तरी चालेल, जाताना बसते."

"असं नका बोलू, मिसेस लुंडीन."

"खरं तेच बोलतेय. पुढच्या वेळी मी असेन असं काही तुम्ही धरू नका." तिने डबा पुढे केला. "ड्वेन म्हणाला, या वेळी पास होणार. अगदी शब्द दिला त्याने. मला एवढं सांग ग्लेंडा, पास झालं की किती दिवसांत कळवावं लागेल त्यांना?"

"काय?"

"नाव. हुकूम देणाऱ्याचं."

ग्लेंडाने वडी तोंडात घातली, म्हणजे बोलावं लागणार नाही. अर्डिस वाट बघत राहिली. शिक्षिका होती ती चाळीस वर्षं. तोंडात घास असलेल्यांची वाट बघायची तिला सवय होती.

"मला त्याचं काही करायचं नाही," ती जरा वेळाने म्हणाली. "बदला वगैरे नको. त्याला पत्र लिहायचंय. तुझ्याकडून चूक झाली असेल, पण ती कशी झाली ते मला सांग, एवढंच विचारायचंय. नाव नसेल तर पत्र कोणाला घालू? लिहून ठेवलंय मी, वर जागा सोडलीये."

"बघू या," ग्लेंडा म्हणाली, आणि म्हटल्याबरोबर तिला स्वतःची किळस आली. समितीत सव्वीस वर्षं काढली की माणसाला 'बघू या' हा शब्द इतका छान येतो की तो खोटाही वाटत नाही.

दहा वाजता समितीचं दालन भरलं. म्हणजे खुर्च्या भरल्या, माणसं फोनमध्ये होती. पहिल्या रांगेत त्या देशाचे राजदूत आणि त्यांची मंडळी बसली होती. दुसरी रांग मोकळी. तिसऱ्या रांगेत कडेला अर्डिस एकटी. मागे एका लष्करी साप्ताहिकाचा वार्ताहर डुलक्या घेत होता. अध्यक्ष प्रूइट यांनी आठ टपाल कचेऱ्यांना नावं देणारी विधेयकं सपासप पास केली आणि राजदूतांबरोबर फोटो काढायला ते बाजूच्या खोलीत गेले. हातोडा त्यांनी शेजारच्या ट्रिप बेनेटकडे दिला. बेनेट पहिल्यांदाच निवडून आले होते. हातोडा हातात आल्यावर ते जरा गोरेमोरे झाले.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. समितीचे अध्यक्ष स्वतःच्या मनाने एक अक्षर बोलत नाहीत. काय बोलायचं ते जाड पुठ्ठ्याच्या कार्डांवर छापलेलं असतं. 'सुप्रभात' सुद्धा छापलेलं असतं. प्रूइट बावीस वर्षं तीच कार्डं वाचत होते, त्यांना ती बघावीही लागत नसत. बेनेटनी कार्ड दोन्ही हातांनी धरलं आणि शाळेतल्या पोरासारखं वाचलं, "सचिव दुरुस्ती वाचून दाखवतील." तिथे कार्ड संपलं. उरलेलं, म्हणजे कोणाची हरकत नसेल तर वगैरे, ते मागच्या बाजूला होतं. कार्डाला मागची बाजू असते हे बेनेटना कोणी सांगितलं नव्हतं. ते हसऱ्या चेहऱ्याने ग्लेंडाकडे बघत बसले.

ग्लेंडाने शीर्षक वाचलं. सार्जंट केंट लुंडीन मित्रदर्जा फेरविचार कायदा. तिसऱ्या रांगेत अर्डिसने दोन्ही हात मांडीवर ठेवले. ग्लेंडाने पहिल्या कलमाचे चार शब्द वाचले आणि सवयीने थांबली.

कोणी काही बोललं नाही.

कर्टिसनी कोपऱ्यातून हाताने खूण केली, पुरे. मग बेनेटना खूण केली, कार्ड उलटा. बेनेटना वाटलं ते नमस्कार करताहेत. त्यांनीही हात हलवला. ग्लेंडाने दोन्ही खुणा पाहिल्या. इथे थांबता येत होतं. कोणी तिला दोष दिला नसता. तिने पर्समधून वाचायचा चष्मा काढला, जो समितीत तिला कधी लागला नव्हता, आणि पुढे वाचायला लागली.

तिने चारही पानं वाचली. भक्कम पाया वाचला, उचित वाचलं, तत्परता वाचली. आभार मानते हे वाचताना तिचा आवाज जरा खाली गेला, तेव्हा तिने पुन्हा वर आणला, कारण अर्डिसला एका कानाने कमी ऐकू येत असे. खासदार ऐकत नव्हते. मागे वार्ताहर मात्र जागा झाला होता आणि लिहीत होता. पाच वर्षांत, आवश्यक वाटल्यास. ग्लेंडाने चष्मा काढला. अर्डिसच्या चेहऱ्याकडे बघायचं तिने टाळलं होतं, आता बघितलं. अर्डिस रडत नव्हती. एखाद्या मुलाने दुसऱ्याचा निबंध स्वतःच्या नावावर दिला की बाईंचा चेहरा होतो, तसा झाला होता.

बेनेटनी दुसरं कार्ड उचललं. "जे बाजूने आहेत त्यांनी हो म्हणावं."

"हो," सगळे म्हणाले, फोनमधून वर न बघता. हॅगर्टी जरा मोठ्याने म्हणाले.

"जे विरोधात आहेत त्यांनी नाही म्हणावं."

प्रूइट असते तर हे वाक्य आणि पुढचं वाक्य यांत श्वास घ्यायलाही जागा राहिली नसती. बेनेट कार्डावर पुढची ओळ शोधत होते. त्या शांततेत एक बारीक, स्वच्छ आवाज आला.

"नाही."

पहिल्या रांगेतल्या वकिलातीच्या एका माणसाने झटकन मागे वळून पाहिलं. त्याला मोकळी रांग दिसली आणि तिच्यामागे डब्याचं झाकण लावत बसलेली एक म्हातारी दिसली. तो पुन्हा पुढे वळला आणि खासदारांच्या रांगा न्याहाळू लागला.

"अध्यक्षांच्या मते होकाराचं बहुमत आहे," बेनेटनी वाचलं आणि हातोडा आपटला. लघुलेखिका फिलिस हिची पाठ प्रेक्षकांकडे असे. ऐकू येईल ते लिहायचं, हा तिचा नियम. तिने लिहिलं: एक आवाज, नाही.

अर्डिस निघाली तेव्हा ग्लेंडा दारापर्यंत गेली.

"छान वाचलंस," अर्डिस म्हणाली. "शब्द न् शब्द कळला."

"मी मघाशीच सांगायला हवं होतं."

"हो, हवं होतं," अर्डिस म्हणाली, आणि डबा तिच्याच हातात ठेवून टाकी ओढत लिफ्टकडे गेली.

मग टेकडीवर शोध सुरू झाला. वकिलातीने 'एकमताने' असं छापलेलं पत्रक राजधानीला आधीच धाडलं होतं, आणि नोंदीत आता एक 'नाही' होता. राजदूतांनी प्रूइटना फोन केला, प्रूइटनी कर्टिसना केला. कर्टिसनी समितीतल्या सत्तेचाळीस खासदारांच्या कचेऱ्यांना विचारलं. सत्तेचाळीस जणांनी शपथेवर सांगितलं की आम्ही नाही. ती दुपार पूर्ण सत्यात गेली. इतक्या खासदारांनी एकाच दिवशी खरं बोलल्याचं ग्लेंडाला आठवत नव्हतं.

"तू समोर बसली होतीस," कर्टिस तिला म्हणाले. "कोण होतं?"

"मी कागद बघत होते."

"बरं, मग काढून टाक तो शब्द. सचिवांना तांत्रिक दुरुस्त्या करायचा अधिकार असतो."

"स्वल्पविराम बदलायचा अधिकार असतो. ऐकू आलेलं खोडायचा नाही." पेन्शनचा विचार तिच्या मनात आला आणि या वेळी तो तिथेच राहिला.

"ग्लेंडा, हट्ट करू नकोस."

"तू लेखी दे कर्टिस, मी खोडते."

कर्टिसनी लेखी दिलं नाही. तीस वर्षांत त्यांनी महत्त्वाचं असं काही लेखी दिलं नव्हतं, म्हणूनच ते तिथे होते.

गुरुवारी त्या लष्करी साप्ताहिकात लेख आला. मेलेल्या सार्जंटच्या नावाचा कायदा त्याच्यावर गोळ्या झाडणाऱ्यांचे आभार मानतो, असा त्याचा मथळा होता. खाली चारही पानं छापली होती आणि शेवटी एक ओळ: समितीत फक्त एकाने विरोध केला. शुक्रवारपर्यंत फोन वाजून वाजून कचेऱ्या हैराण झाल्या. माजी सैनिकांच्या संघटना, सैनिकांच्या आया, चर्चमधल्या मंडळ्या विचारत होत्या, आमच्या खासदारांनी काय केलं?

शुक्रवारी दुपारी ओहायोच्या खासदारांनी जाहीर केलं की तो 'नाही' त्यांचा होता. तासाभराने टेनेसीच्या बाईंनी सांगितलं की त्यांचा आवाज बारीक आहे, म्हणून लोकांचा गैरसमज होतोय, पण 'नाही' त्याच म्हणाल्या. शनिवारी आणखी तिघे निघाले. रविवारी चर्चमधून बाहेर येताना बेनेट म्हणाले की अध्यक्षाच्या खुर्चीत बसूनही त्यांना गप्प राहवलं नाही. सोमवारी सकाळी ड्वेन हॅगर्टींनी नॉर्थ डकोटात, बिस्मार्कमध्ये माजी सैनिकांपुढे भरल्या गळ्याने सांगितलं की आपल्याच विधेयकाला नाही म्हणण्याची वेळ दुश्मनावरही येऊ नये. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या.

कर्टिस ग्लेंडाच्या टेबलाशी आले. "तो शब्द खोडला नाहीस ना?"

"नाही."

"शाबास. खोडायचा नाही बरं का. आता फक्त पुढे नाव घालायचं का, एवढाच प्रश्न आहे. सात जण आहेत."

"सगळ्यांची घालू?"

"आवाज एक आणि नावं सात, कसं दिसेल ते?" ते खरंच विचारात पडले. "राहू दे. नुसतं 'एक आवाज' बरं आहे. सगळ्यांना पुरतं."

त्या दुपारी ग्लेंडाने नॉर्थ डकोटाला फोन लावला. अर्डिसने तो उशिरा उचलला. फोनपर्यंत चालत येताना तिला मध्ये बसावं लागलं होतं. ग्लेंडाने सगळं सांगितलं, लेख, फोन, सातही नावं. तिला वाटलं होतं अर्डिस हसेल. निदान चिडेल तरी.

"ड्वेनसुद्धा?" अर्डिसने विचारलं.

"तोसुद्धा."

"तो माझ्या समोरच बसला होता. सगळ्यात मोठ्याने हो म्हणाला."

"तुम्ही सांगा लोकांना. मी साक्ष देईन, मी बघितलंय तुम्हाला."

"आणि काय सांगू? केंटच्या नावाला त्याच्या आईने नाही म्हटलं, हे?" तिचा श्वास लागला. नळीचा सूं सूं आवाज बराच वेळ येत राहिला. "त्यांच्यातला एक जरी त्या दिवशी बोलला असता तर मला बोलावं लागलं नसतं गं. माझ्या मुलाचं नाव होतं त्यावर. मला हो म्हणायचं होतं."

ग्लेंडा रडायला लागली. तिने ते लपवायचा प्रयत्न केला नाही.

"ते म्हणताहेत पुढच्या सभागृहात जुनं विधेयक परत आणू," ती म्हणाली. "सातही जणांनी सह्या केल्यात. तिसऱ्या कलमासकट."

"कधी?"

"जानेवारीत नवं सभागृह बसलं की."

अर्डिस म्हणाली, "त्यांना सांग, तेव्हा मी तिसऱ्या रांगेत नसेन. नाही म्हणायची वेळ आली तर त्यांचं त्यांनाच म्हणावं लागेल."

ग्लेंडाने हो म्हटलं, आणि निरोप कागदावर उतरवून घेतला. मग सातांपैकी कोणाला तो द्यावा याचा विचार करत ती संध्याकाळपर्यंत टेबलाशी बसून राहिली.